नेच्यांच्या बीजाणूंवरच्या नक्षीवर वर्गीकरणात कितपत विसंबावं?

डीएनए तपासता येत असताना नेच्यांच्या बीजाणूंवरची नक्षी बघत बसण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, भरपूर आहे. फक्त नुसत्या नक्षीवरून नातं ठरवू नका.

आधी व्रण बघा. बीजाणू चाराच्या जुडीत तयार होतात आणि सुटे झाल्यावर एकमेकांना चिकटल्याची खूण अंगावर राहते. पुण्यात जुन्या दगडी भिंतींच्या फटींत टेरिस व्हिटाटा हा नेचा उगवतो. त्याचा बीजाणू तिकोनी, खूण तीन फाट्यांची आणि भोवती कंबरपट्ट्यासारखी कड. ओढ्याकाठच्या ख्रिस्टेला या नेच्याचा बीजाणू लांबट, खूण एकच सरळ रेघ. कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपखालीही हा फरक दिसतो. पण एकरेघी बीजाणूसुद्धा नेच्यांत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आलेत.

नक्षी कशी चकवते, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे तळ्यात, भातखाचरात वाढणारा सेराटोप्टेरिस हा नेचा. बीजाणू १०० मायक्रोमीटरच्या आसपास, नेच्यांच्या मानाने थोराडच, आणि अंगभर समांतर कंगोरे. ॲनिमिया नावाच्या नेच्याच्या बीजाणूंवरही असेच कंगोरे असतात. फोटो शेजारी ठेवले तर कुणीही त्यांना सख्खे भाऊ ठरवेल. डीएनए मात्र सेराटोप्टेरिसला ॲक्रोस्टिकमच्या, म्हणजे कोकणातल्या खाजणांत दिसणाऱ्या नेच्याच्या शेजारी बसवतो, आणि ॲक्रोस्टिकमच्या बीजाणूंवर कंगोरे नाहीतच! ॲनिमिया तर वेगळ्याच गणातला. म्हणजे कंगोरे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आले. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावर नक्षी मांडली की असं काही हाती लागतं, आणि मला या कामाची ओढ आहे ती त्यासाठीच.

हे जीवाश्मांसाठी फार मोलाचं आहे. क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या खडकांत कंगोरेदार बीजाणू सापडतात, पण त्यांत डीएनए उरलेला नसतो. तिथे अभ्यासाला मिळते ती बीजाणूची भिंत आणि तिच्यावरची नक्षी.

जवळच्या जाती ओळखायला सगळ्यात बाहेरचं आवरण, पेरिस्पोर, बघा. ॲस्प्लेनियम नेच्यांमध्ये त्याच्या घड्या आणि पंख फार उपयोगी पडतात. हे आवरण सगळ्यात शेवटी चढतं, म्हणून कोवळ्या पानावरचे बीजाणू घेतलेत तर नक्षी अर्धवटच दिसेल. ॲसिटोलिसिसमध्ये, म्हणजे बीजाणू आम्लांच्या मिश्रणात तापवून साफ करताना, ते बऱ्याचदा निघून जातं. त्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी काही बीजाणू कोरडेच, सोन्याचा मुलामा देऊन बघा. ताजे मिळाले नाहीत तर कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, विचारा. वाळलेल्या जुन्या नमुन्यांवरचे पिकलेले बीजाणूही चालतात, पण काढण्याआधी परवानगी घ्या.