जुन्या प्रेशर टाकीतून गाडीत ऑइल भरायचं साधन घरी करता येईल का?

तुमच्याकडे तीन वस्तू पडून आहेत: आग विझवायचा पाण्याचा जुना सिलिंडर, छोट्या कंप्रेसरची टाकी आणि एसीच्या गॅसचा रिकामा सिलिंडर. यातलं काय वापरून गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड भरता येईल, असं तुम्ही विचारलंय. पहिला घ्या, दुसरी बहुधा सोडा, तिसऱ्याला हात लावू नका.

तिसऱ्याचं आधी उरकतो. एसी-फ्रिजच्या गॅसचा एकदाच वापरायचा सिलिंडर पातळ पत्र्याचा असतो आणि पुन्हा भरू नये म्हणूनच त्याच्या तोंडाशी एकमार्गी झडप बसवलेली असते. ती काढून त्यात हवा भरणारे लोक आहेत. मी त्यांच्या शेजारी उभा राहत नाही.

कंप्रेसरच्या टाकीचा घोटाळा असा, की ती बाहेरून छान दिसते. हवेतलं पाणी वर्षानुवर्षं तिच्या पोटात, अगदी तळाला साचतं आणि गंज आतून पत्रा खातो. खालचा प्लग काढून आत बॅटरी मारून बघा. खपल्या निघत असतील किंवा लाल पाणी आलं तर विषय संपला. ३० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत ७ बार (बार हे दाबाचं माप) दाब असला तर तिच्या एका झाकणावर सुमारे ५ टनांचा रेटा असतो. तो गंजलेल्या पत्र्यावर कुणी सोपवू नये.

आता पहिला. साधारण ९ लिटरचा पाण्याचा सिलिंडर या कामाला जवळजवळ तयारच असतो. तळापर्यंत जाणारी नळी आहे, दाबायची मूठ आहे, होज आहे. मी असाच एक बरीच वर्षं वापरतोय. पावडरचा मात्र घेऊ नका, ती पावडर कानाकोपऱ्यातून धुऊन निघत नाही आणि ओल लागली की धातू खाते. कार्बन डायऑक्साइडचा तर उघडूही नका, त्यात २० अंशालाच ५७ बारच्या आसपास दाब असतो. आणि कुठल्याही सिलिंडरला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं नाही. आहेत त्याच आट्यांवर काय ते जमवायचं.

बहुतेक जण चुकतात ते दाबाच्या हिशोबात. १ बार दाब पाण्याला १० मीटर वर चढवतो. तुम्हाला ऑइल जमिनीपासून गिअरबॉक्सच्या भोकापर्यंत, म्हणजे जेमतेम मीटरभर चढवायचंय. मग १ बार भरपूर झाला. ऑइल घट्ट आहे, येतच नाही, म्हणून लोक ४-५ बार भरतात. त्यापेक्षा नळी बदला. घट्ट द्रवाचा प्रवाह नळीच्या आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ ची नळी लावली की तेवढ्याच दाबाला तिपटीहून जास्त ऑइल येतं, १० ची लावली तर साडेसात पटीहून जास्त. शिवाय ऑइलचा डबा अर्धा तास गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. दोन्ही केलं की १ बारला ९० नंबरचं घट्ट गिअर ऑइलही मुकाट्याने चालतं.

हवा भरायला मी सायकलचा पंप वापरतो, कंप्रेसर नाही. हाताला कष्ट पडतात म्हणून आपोआप मर्यादा राहते. कंप्रेसर लावायचाच असेल तर मध्ये रेग्युलेटर आणि २ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. पाण्याच्या काही सिलिंडरच्या डोक्यात टायरसारखी झडप असतेच. तुमच्यात नसेल तर होजच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, एका तोंडाला टायरची झडप आणि दुसऱ्याला बॉल व्हॉल्व्ह व नळी. बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, मूठ दाबून धरायची आणि पंप मारायचा. हवा ऑइलमधून बुडबुडत वर जाते, थोडा फेस होतो, तो बसू द्यायचा.

एक गोष्ट माहीत असू द्या, नाहीतर गळती आहे समजून सगळे आटे उघडत बसाल. टाकीत ६ लिटर ऑइल आणि वर ३ लिटर हवा आहे, तुम्ही १ बार भरला. हा १ बार बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा, म्हणून ३ लिटर ऑइल बाहेर आलं की हवेची जागा दुप्पट होते, आतला दाब बाहेरच्याइतकाच उरतो आणि ढकलणारा दाब संपतो. उरलेल्या ऑइलसाठी पुन्हा पंप मारावा लागतो. यात बिघाड काही नाही.

पहिल्यांदा वापरण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. टाकी काठोकाठ पाण्याने भरा, आत हवा ठेवू नका, आणि पाणी भरणाऱ्या हातपंपाने २ बारपर्यंत दाब द्या. पाणी दबत नाही, त्यामुळे काही सुटलंच तर थोडं पाणी उडतं आणि दाब जागच्या जागी जातो. हवेने चाचणी घेतली तर पत्रा उडतो. मग टाकी पूर्ण वाळवा.

माझी फजिती सांगतो. काम झालं, गेजचा काटा शून्यावर, म्हणून मी सिलिंडरचं डोकं उघडायला घेतलं. दोन फेरे झाल्यावर फुसफुस ऐकू आली, तरी घाईत तिसरा फेरा मारला. डोकं हातातून सुटलं आणि ऑइल थेट छताला. या सिलिंडरमध्ये गेज नळीच्या बाजूला असतो, म्हणजे त्यात हवा नाही, ऑइल जातं. ते आत चिकटून काटा अडकला होता. तेव्हापासून गेजवर विश्वास नाही. सिलिंडर उलटा करायचा, म्हणजे नळीचं टोक हवेत येतं, आणि आवाज थांबेपर्यंत मूठ दाबून धरायची. मगच पाना लावायचा. चष्मा लावायचाच.

पेट्रोल, थिनर असलं काही यात भरू नका. त्यांच्या वाफेवर हवेचा दाब म्हणजे ठिणगीची वाट बघणं.

लाल रंग खरवडून काढा. कुणीतरी आग लागल्यावर हा सिलिंडर उचलेल आणि आगीवर गिअर ऑइल मारेल. मी माझा पिवळा रंगवलाय आणि वर मोठ्या अक्षरात 'ऑइल' लिहिलंय. आणि हो, भिंतीवरचा चालू सिलिंडर या कामासाठी काढू नका.

राहिलं ब्रेक फ्लुइड. ते या टाकीत नको, त्याला वेगळं भांडं करा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक फ्लुइडचे प्रकार हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि पंपाची हवा ओलीच असते. शिवाय रबराचं गणित उलटं आहे. ऑइलला नायट्राइल रबराची ओरिंग (जोडातली गोल रबरी कडी) चालते, ती ब्रेक फ्लुइडमध्ये फुगते. ब्रेक फ्लुइडला ईपीडीएम नावाचं वेगळं रबर लागतं, ते ऑइलमध्ये फुगून मऊ पडतं. एकाच टाकीत आलटूनपालटून दोन्ही भरलंत तर कुठली ना कुठली ओरिंग जाणारच, आणि तळाला राहिलेलं थेंबभर ऑइल ब्रेकच्या सगळ्या सिलांची वाट लावेल. कूलंटलाही ईपीडीएमच चालतं, पण त्याला दाबाची गरजच काय? फनेलने ओता.