बाभळी बंधारा : उन्हाळी भुईमूग घ्यावा का?

प्रश्न : बाभळीचे दरवाजे ऑक्टोबरअखेर बंद होतात आणि १ मार्चला तेलंगणाला पाणी सुटते. आमची मोटार गोदावरीवर आहे. उन्हाळी भुईमूग धरावा का? (गोदाकाठचे शेतकरी, ता. धर्माबाद)

उत्तर : नुसत्या बंधाऱ्याच्या भरवशावर धरू नका.

बाभळी बंधारा पोचमपाडच्या, म्हणजे तेलंगणातील श्रीरामसागर धरणाच्या, फुगवट्यात (मागे पसरलेल्या पाण्यात) येतो. महाराष्ट्र आणि तेलंगणा (तेव्हाचे आंध्र प्रदेश) यांच्या भांडणाचे मूळ तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली सोडायचे. देखरेखीला केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्यांची त्रिसदस्यीय समिती आहे. त्यामुळे तारीख पुढे ढकलण्यासाठी तहसीलला निवेदने देऊन हाती काही लागणार नाही. बंधाऱ्याची क्षमताच २.७४ टीएमसी. पाऊस लवकर उघडला तर २९ ऑक्टोबरनंतर तेवढेही साठत नाही, म्हणून आधी पाणी बघा, मग बियाणे आणा.

१ फेब्रुवारीला पेरलेल्या भुईमुगाला आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटतात मार्चच्या मध्याला, शेंगा पोसतात एप्रिलमध्ये. म्हणजे पाण्याची खरी गरज १ मार्चनंतरच. पाण्याची सहा सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे एकरी सुमारे २ लाख ४३ हजार लिटर, आणि अशा आठ-नऊ पाळ्या तेव्हा बाकी असतात. आऱ्या जमिनीत शिरताना ताण बसला की वेल हिरवा दिसतो, पण शेंगा पोचट निघतात. एप्रिल-मेमध्ये टिकणारी स्वतःची विहीर असेल, तरच विचार करा, तोही तुषार सिंचनावर.

त्यापेक्षा हरभरा बरा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरा. भारी जमिनीत फांद्या फुटताना (३०–३५ दिवस) आणि घाटे भरताना (६०–६५ दिवस) अशी दोनच पाणी पुरतात. जास्त दिले की झाड माजते, घाटे कमी लागतात. गहू १५ नोव्हेंबरच्या आत पेरा. पहिले पाणी २१ दिवसांच्या आसपास चुकवू नका. दाणे भरायचे पाणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकते. डिसेंबरात पेरलेला गहू मात्र नेमका १ मार्चच्या सुमारास पाणी मागतो.

पातळी उतरली की फूटव्हॉल (पाइपच्या तोंडाची झडप) उघडा पडून मोटार हवा धरते, म्हणून पाइप २८ फेब्रुवारीपूर्वीच खोल पाण्यात सरकवा. आणि जूनअखेर मोटार, स्टार्टर, पाइप सगळे काठावर काढून ठेवा. १ जुलैला दरवाजे उचलतात, पुढे पूर कधी येईल याचा नेम नसतो.