आधी श्वास सोड

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट पाहिला. 'एल४-एल५ माइल्ड डिस्क बल्ज' (म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगलेली) या ओळीखाली तू लाल रेघ मारली आहेस आणि तीन प्रश्न विचारले आहेस: गादी कुठली घेऊ, बेल्ट किती तास लावू, नोकरी सोडू का. उत्तरं शेवटी देते. आधी खांदे कानांकडे चढलेत का बघ, आणि श्वास सोड. घेऊ नकोस, सोड.

त्या लाल रेघेचं म्हणशील तर २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र तपासले गेले. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं अशा विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या डिस्क अशाच फुगलेल्या होत्या. पन्नाशीत ते प्रमाण ६० टक्के. तेव्हा 'मणक्यात गॅप आलाय' असं घरभर सांगत फिरू नकोस. तूच लिहिलं आहेस की गोव्याला रात्रभर बसने गेलास तेव्हा पाठीने हूं की चूं केलं नाही, आणि महिनाअखेरीच्या कॉलच्या दिवशी खुर्चीतून उठवत नाही. डिस्क तर दोन्ही दिवशी तीच होती!

मग बदलतं काय? साहेबांचा मेसेज वाचलास की मज्जारज्जूतल्या सिंपथेटिक, म्हणजे शरीराला 'लढ नाहीतर पळ' सांगणाऱ्या चेतापेशी कामाला लागतात. छातीच्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या खंडापर्यंत त्या पसरलेल्या आहेत. अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत येतं, ताणाचं दुसरं संप्रेरक कॉर्टिसॉल अर्ध्या तासाच्या आसपास चढतं. नाडी वाढते, स्नायू आवळतात आणि श्वास पोटातून उठून गळ्याशी येतो. गळ्याशी आलेला श्वास ओढायला मानेतले स्केलीन स्नायू वरच्या दोन बरगड्या उचलतात. त्यांचं ते मुख्य काम नव्हे. दिवसाला वीसेक हजार श्वास धर, म्हणजे मान संध्याकाळी का भरून येते ते कळेल. हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा याच स्केलीनच्या मधून जातो, त्यामुळे कधीकधी बोटांना मुंग्याही येतात.

कमरेचंही तेच. श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूचे, मागचे दोन पाय कमरेच्या वरच्या मणक्यांना बांधलेले असतात. श्वासपटल नीट खाली-वर झालं की पोटातला दाब कण्याला आतून आधार देतो. श्वास अडकवून बसलास की ती जबाबदारी पाठीच्या स्नायूंवर पडते आणि त्यांना सुट्टी मिळत नाही. त्यात झोप कमी झाली की चेतासंस्था हळवी होते, काल सहन झालेला ताण आज दुखणं म्हणून पोचतो. दुखणं खरंच आहे, मनाचे खेळ नव्हेत. पण म्हणून काही मोडलंय असं नाही.

आता कृती. जमिनीवर उताणा झोप, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेव, गुडघे काटकोनात. एक हात छातीवर, एक बेंबीवर. आधी श्वास सोड, सहा अंक मोजत. मग नाकाने चार अंकांत आत येऊ दे. मिनिटाला सहा श्वास होतात. सोडताना हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढून नाडी मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. इथे सगळे चुकतात ते एकाच जागी: सुरुवातीलाच छाती फुगवून भलामोठा श्वास घेतात. मग कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, ओठांभोवती झिणझिणतं आणि 'मला जमत नाही' म्हणून सोडून देतात. जमत नाही कसं? उलट करतोस म्हणून. आधी सोड.

लोकल गाडीतही हेच. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर धक्के खात चढलास की बॅग रॅकवर टाक, जमलं नाही तर पोटाशी धर. कडी एकाच हाताने घट्ट आवळू नकोस. दिघा, ऐरोली, रबाळे, दार उघडलं की हात बदल, कोपर सैल कर, एक लांब श्वास सोड. घणसोलीला उतरेपर्यंत खांदे जागेवर येतील. ऑफिसात अर्ध्या तासाने उठ, दोन मिनिटं चाल. मोठ्या माणसाच्या डिस्कला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, शेजारच्या हाडातून झिरपून तिला पोषण मिळतं, भार पडत-सुटत राहिला की त्याला मदत होते. उपवन तलावाला रोज अर्धा तास चाललास तर उत्तम. संध्याकाळी पाचची कॉफी बंद, रात्री दहाला तिच्यातलं निम्मं कॅफिन रक्तात असतं. खुर्चीची उंची वगैरे तुझ्या एचआरने सांगितलंच असेल.

मला माहीत आहे, फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये दहा मिनिटं आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन) आणि थोडं ट्रॅक्शन (कणा ताणणारं मशीन) लावलं की पेशंट खूश होतो, आणि श्वास शिकवला की 'एवढ्यासाठी आलो होतो का' असं तोंड करतो. करू दे. मशीनखाली पडून दात-ओठ आवळलेल्या माणसाची पाठ सुटत नाही, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

मात्र मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पाऊल उचलेना, तर श्वास-बिस काही नाही, त्याच तासाला इस्पितळ गाठ. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पडल्यानंतरचं दुखणं, यांनाही डॉक्टरच हवा.

गादी मध्यम कडक, महागडी नको. बेल्ट दुखणं भडकलेल्या दिवशी प्रवासापुरता, एरवी कपाटात. नोकरी पगारासाठी किंवा साहेबासाठी खुशाल सोड, डिस्कवर खापर फोडू नकोस.

पुढच्या वेळी नवा एमआरआय पाठवू नकोस. सोमवारच्या कॉलमध्ये तुझे मिनिटाला किती श्वास पडतात ते शेजारच्याला गुपचूप मोजायला सांग, आपण स्वतः मोजायला बसलो की ते आपोआप मंदावतात. बारा ते वीसच्या आत असतील तर पुढचे व्यायाम लिहून पाठवते. वर असतील तर अजून दोन आठवडे हाच श्वासाचा व्यायाम.