‘बॉडी’ म्हणजे आजीच का?

चिऊ,

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना मामा कुणालातरी म्हणाला, “बॉडी दोनला हलवू.” तू लगेच विचारलंस, “काल रात्री ती आजी होती ना? मग आज बॉडी का?” मी तुला गप्प बस म्हटलं. चुकलं माझं. काळजात चर्र झालं होतं गं. मेलबर्नहून तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकणार होतं, हे कळत होतं मला.

मामाचा राग धरू नकोस. प्रेत, मढं हे शब्द आहेत आपल्याकडे, पण स्वतःच्या आईसाठी जिभेवर येत नाहीत. ‘बॉडी’ जरा लांबचा वाटतो, तेवढाच आधार. शिवाय त्याची घाई चालली होती. आजीने नेत्रदानाचा फॉर्म भरलेला, आणि डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. आत्या रडत होती, “पुढच्या जन्मी दिसायचं नाही तिला.” बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवला की कुणाला तरी दिसू लागतं, हे मला ठाऊक आहे. तरी आत्याचं ऐकून पोटात गोळा आलाच.

मी नऊ वर्षांची असताना वाईच्या वाड्यात मोठी आई गेली. सकाळीच बंब पेटवलेला बघून मला कळेना, आज अंघोळ कोण करणार? काकूने घंगाळात पाणी काढलं, कोपर बुडवून बघितलं आणि तांब्याभर गार पाणी ओतलं. “कढत सोसत नाही त्यांना,” म्हणाली. मग मोठ्या आईला न्हाऊ घातलं, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, बाळंतिणीच्या खोलीत बाळाला घालतात तसं सावकाश.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर गुरुजींनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 22 वा श्लोक समजावला. जुने कपडे टाकून माणूस नवे घालतो, तसा आत्मा जुनं शरीर टाकतो. मला काही पटलं नाही. आमच्या घरी जुनं लुगडं टाकायचं कोण? मोठ्या आईच्या दोन लुगड्यांची आईने गोधडी शिवली. कॉलेजला जाईपर्यंत ती नाकावर ओढून झोपायचे मी. किती धुतली तरी तिला मशेरीचा वास यायचा. मला तरी यायचा.

गुरुजींचं खरं असेलही, चिऊ. पण मला माझी आई आठवते ती खरखरीत तळहातांसकट. तेल चोळताना तिच्या अंगठीत माझा केस अडकायचा. ते हात सोडून उरलेली आई कशी असेल, मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. तुला वेगळं वाटलं तर वाटू दे, मला सांग फक्त.

काल मामीला फोन केला. दुसरं काही सुचेना, एवढंच विचारलं, पाणी कोमट होतं ना?

“हो ताई. हात घालून बघितलं मी.”

तुझी,
आई