फरशीआधी स्कर्टिंग काढायचं का?

स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी. ती लाकडी किंवा पीव्हीसीची असेल तर काढाच. स्कर्टिंग ठेवून फरशी बसवली की काठाची प्रत्येक टाइल नेमकी मोजून कापावी लागते आणि कापलेली कड उघडी दिसते. काढलंत तर भिंतीलगत ८-१० मिमी फट सोडता येते, नवं स्कर्टिंग ती झाकतं. ही फट सिमेंटने भरू नका. उन्हात फरशी प्रसरण पावते, तिला जागा हवी.

टाइलचं किंवा दगडी स्कर्टिंग असेल तर जपून. आपल्या कोकणातल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), गिलावा जुना. छिन्नीने सरळ उपटायला गेलात तर वीतभर गिलावा सोबत येतो. आधी वरच्या कडेने ग्राइंडरची सरळ रेघ मारा, मग एका टोकापासून हलक्या हाताने सोडवत चला. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क लावाच.

जुन्या फरशीवरच नवी बसवताय? मग घट्ट बसलेलं टाइलचं किंवा दगडी स्कर्टिंग राहू द्या. ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर मात्र काढा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- दारं विसरतात. टाइलवर टाइल म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर उंची वाढते, दार खालून तासावं लागतं.
- स्कर्टिंग फरशीच्या आधी बसवतात.
- पावसाळ्यात काम काढतात. चिरा पाणी ओढतो, ओल्या भिंतीवर स्कर्टिंग धरत नाही. दिवाळीनंतर भिंत सुकली की हात घाला.

ग्राउटचे (टाइलांच्या सांध्यात भरतात त्या मसाल्याचे) प्रकार वगैरे नंतर बघू. आधी एखादी लहान खोली घ्या, नक्की जमेल तुम्हाला.