बिल नव्हे, नोंद अडवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रेडिट कार्डच्या या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये चार नोंदी ओळखीच्या वाटत नाहीत. एक अगदी किरकोळ रकमेची, एक दरमहा येणाऱ्या सबस्क्रिप्शनसारखी, एक परदेशी नावाची मोठी आणि तिच्याच खाली परकी चलनाचं शुल्क. एकूण बिल 100 धरलं तर या चौघींची बेरीज 12. घरचे म्हणतात, भरून टाका आणि कार्ड बदलून घ्या. तुमच्या मनात आहे की चारही नोंदी ‘फ्रॉड’ म्हणून कळवायच्या आणि निकाल लागेपर्यंत बिलच भरायचं नाही.

यातलं काहीच करू नका. आधी पैशांचा हिशेब पाहू. थकीत रकमेवर महिना 3 टक्के व्याज धरलं तर 100 अडवून ठेवल्याचे दरमहा 3 जातात. चार महिन्यांत 12, म्हणजे ज्यासाठी भांडताय तेवढेच. उशिराचा दंड आणि क्रेडिट अहवालातली थकबाकीची नोंद वेगळीच. वाद निकाली निघायला दोन-तीन महिने सहज लागतात. व्यापाऱ्याने हरकत घेतली तर आणखी.

वाद नसलेले 88 मुदतीत भरायचेच. उरलेल्या 12 चं काय, हे बँकेच्या लेखी पोचेवर ठरवा. तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘ही रक्कम वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवली आहे, तिच्यावर व्याज-दंड लागणार नाही’ असं ईमेलवर आलं, तर 88 भरून थांबा. शेवटच्या तारखेपर्यंत असं काही आलं नाही, तर पूर्ण 100 भरा. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नियमांत चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून पैसे परत घेण्याचा, हक्क तुम्ही बिल भरलं की नाही यावर ठरत नाही, त्यामुळे भरल्याने दावा कमकुवत होत नाही. भरलेल्या 12 वर फार तर बचत खात्यातलं काही काळाचं व्याज बुडेल. पोच नसताना ते अडवले तर मात्र पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाऊ शकते. आणि ऑटो-पे ‘पूर्ण रक्कम’वर लावलेलं असेल तर ते आधी बदला, नाहीतर वादातले 12 आपोआप वळते होतील.

आता नोंदी. अनोळखी वाटणाऱ्या बऱ्याच नोंदी आपल्याच निघतात, कारण स्टेटमेंटवर दुकानाची पाटी छापत नाहीत, कंपनीचं नोंदणीकृत नाव छापतात. त्या नावाला जागा असते 22 ते 25 अक्षरांची, म्हणून ते मध्येच तुटतं. पुढे ‘पेपॅल’सारख्या मध्यस्थाचं नाव आणि फुली आली तर खऱ्या विक्रेत्याला आणखी कमी अक्षरं उरतात. गावाचं नावही मुख्य कार्यालयाचं असू शकतं. म्हणून नाव शोधत बसू नका. ईमेल आणि मेसेजमध्ये नेमकी रक्कम शोधा, तीही नोंद-तारखेच्या चार-पाच दिवस आधीपासून. व्यवहाराची तारीख आणि खात्यावर चढल्याची तारीख वेगळी असते. पुरवणी कार्ड कोणाकडे आहे, मुलांच्या फोनवरच्या ॲप स्टोअरला कार्ड जोडलंय का, फुकट चाचणीची मुदत संपली का, हेही तपासा. हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीचा टोल, दंड, मिनीबार असे आकार काही दिवसांनी वेगळे येतात. ‘पेंडिंग’ दिसणाऱ्या रकमेवर अजून वाद घालता येत नाही. ती नुसती राखीव असते आणि बऱ्याचदा आपोआप सुटते.

एवढ्यावर कळलं नाही तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच फोन करा, मेसेजमध्ये आलेल्या नव्हे. तक्रार नोंदवायला ओटीपी लागत नाही. तो मागणारा बँकेचा माणूस नसतो. चार गोष्टी विचारा: व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, त्याच्या धंद्याचा चार अंकी एमसीसी कोड, व्यवहाराचा 23 अंकी एआरएन क्रमांक आणि व्यवहार कसा झाला. ‘कसा’ हा सगळ्यात कामाचा प्रश्न. कार्ड यंत्रात घालून पिन दाबला गेला असेल किंवा ऑनलाइन व्यवहार ओटीपीने मंजूर झाला असेल, तर ‘मी केलाच नाही’ हे पटवणं कठीण जातं. असं प्रमाणीकरण झालं की सहसा नुकसान व्यापाऱ्यावर ढकलता येत नाही, ते बँकेकडे राहतं. मग बँक तुम्हाला खोदून विचारते.

किरकोळ रकमेची नोंद दुर्लक्ष करावी अशी वाटते, पण तुमच्या यादीत सर्वात आधी तीच पाहा. चोरलेलं कार्ड चालू आहे का हे चाचपायला आधी क्षुल्लक रक्कम वळती करतात. तिचा मालक सापडला नाही तर त्याच दिवशी कार्ड बंद करा आणि नोंद ‘फ्रॉड’ म्हणूनच कळवा. इथे दिवस मोजले जातात. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर मर्यादित. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने बिलातली चूक लेखी कळवायला स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवस मिळतात. कार्ड नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड) चार्जबॅकची मुदत बहुतेक प्रकारांत 120 दिवस, पण ती बँकेसाठी असते. तुम्ही 118 व्या दिवशी गेलात तर कागद पुढे सरकणार नाहीत.

सबस्क्रिप्शनला मात्र ‘फ्रॉड’ म्हणू नका. पूर्वी त्याच सेवेला तुम्ही याच कार्डाने पैसे दिले असतील, तर व्हिसाच्या 2023 पासूनच्या नियमानुसार व्यापारी 120 ते 365 दिवसांपूर्वीचे दोन बिनतक्रार व्यवहार दाखवतो, आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख जुळवतो आणि फ्रॉडचा दावा पडतो. वर तुमच्या खऱ्या फ्रॉडच्या तक्रारीकडेही लोक संशयाने बघतात. खरं असेल ते म्हणा: ‘सेवा रद्द केल्यानंतरही आकारणी झाली.’ त्यासाठी वेगळा प्रकार आहे आणि त्याला रद्द केल्याची तारीख लागते. ॲप काढून टाकणं म्हणजे रद्द करणं नव्हे. आधी व्यापाऱ्याला लिहा, रद्दीकरणाचा ईमेल जपा, आठवडा-दहा दिवस वाट पाहा, मग बँकेकडे जा. घरच्यांचा कार्ड बदलण्याचा उपाय इथे बहुधा लागू पडणार नाही. बँक आणि व्यापारी नेटवर्कच्या अपडेटर सेवेत असतील तर नवा क्रमांक व्यापाऱ्याला आपोआप पोचतो आणि हप्ता नव्या कार्डावरही चालूच राहतो.

मोठ्या परदेशी नोंदीचा निर्णय एआरएन आणि ‘कसा’ याचं उत्तर आल्यावर घ्या. मागवलेली वस्तू आली नाही, सदोष आली, किंवा रक्कम दोनदा लागली, तर प्रत्येकाचे कागद वेगळे. तक्रारीत एका नोंदीला एक परिच्छेद पुरे: तारीख, रक्कम, छापलेलं नाव, कारण एका वाक्यात, जोडलेले पुरावे. रागाचा मजकूर नको, तो वाचायला तिथे कोणी बसलेलं नसतं. व्यापाऱ्याने स्वतःहून परतावा कबूल केला तर त्याच रकमेचा चार्जबॅक मागे घ्या. दोन्हीकडून पैसे आले तर एक परत जातोच, आणि वाद नव्याने सुरू होतो.

परकी चलनाचं शुल्क बँकेचं आहे, त्यावर चार्जबॅक होत नाही. मूळ व्यवहार परतला तर शुल्क आणि त्यावरचा करही परत द्या, असं त्याच तक्रारीत लिहा. न लिहिल्यास ते बहुधा तसंच राहून जातं.

वाद चालू असताना बँकेने तात्पुरती जमा केलेली रक्कम अंतिम समजून खर्च करू नका. व्यापाऱ्याने पुरावे दिले की ती पुन्हा नावे पडते, काही वेळा दोन महिन्यांनी. तेव्हा बँकेकडून त्याने दिलेले कागद मागवा आणि दिलेल्या मुदतीत त्यांना मुद्देसूद उत्तर द्या.