न आलेल्यांची यादी

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. क्लिनिकसमोर तोंड झाकलेले इमिग्रेशन खात्याचे एजंट, बिननावाच्या गाड्या, शिट्ट्या फुंकत पळणारे शेजारी आणि तू खिडकीत. ‘काकू, मी नुसती बघत राहिले,’ असं लिहिलंस. बघितलंस ते चांगलं केलंस. आता जरा वेटिंग रूमकडेही बघ. त्या दिवशी कोण आलं नाही, त्याच्या परवा कोण आलं नाही, ते बघ.

मला हे २००८ साली कळलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं पोस्टव्हिल म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. १२ मे रोजी तिथल्या मांसाच्या कारखान्यावर ‘आइस’चा, म्हणजे बिनकागदांची माणसं पकडून परत पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याचा, छापा पडला. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होती, खाली ३८९ माणसं धरली. मी तेव्हा त्याच राज्यात, पण बरीच लांब, एका दवाखान्यात दुभाषी होते. आमच्याकडे एकही एजंट फिरकला नाही. तरी पुढच्या गुरुवारी गरोदर बायकांच्या तपासणीला नावं अकरा आणि खुर्चीत बसलेल्या दोघी. त्यातली एक सारखी दाराकडे बघत होती. रक्तदाब एवढा चढलेला की नर्सनं पट्टा काढून पुन्हा बांधला.

पुढे संशोधकांनी आयोवातल्या जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या महिन्यांत लॅटिना, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा २४ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिना बायकांमध्येही तो वाढला होता. गोऱ्या आयांमध्ये नाही. म्हणजे ज्यांना कुणी हात लावणार नव्हतं, त्यांनीही ती भीती नऊ महिने पोटात वागवली.

कायदा राबवायचा अधिकार सरकारला आहे, त्यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण दिसेल असा राबवला की तो पकडलेल्यांपाशी थांबत नाही. दवाखाने, शाळा, चर्च इथे शक्यतो कारवाई नको, असं ‘आइस’चं २०११ पासूनचं धोरण होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या संसदेनं ‘आइस’ला सुमारे ७५ अब्ज डॉलर मंजूर केले. तेव्हा तुझ्या खिडकीतून दिसलं ते एकदाच घडून जाईल असं धरून चालू नकोस.

म्हणून रोजच्या कामातल्या काही गोष्टी. वेटिंग रूम सगळ्यांना उघडी असते, तपासणीच्या खोल्या नसतात. त्या दारांवर तशी पाटी आहे का, ते उद्याच बघ. एजंटानं वॉरंटचा कागद पुढे केला तर सही कुणाची आहे ते वाच. न्यायाधीशाची सही वेगळी आणि ‘आइस’च्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची वेगळी. वाचून निर्णय मात्र तू घेऊ नकोस, नेमलेल्या सुपरवायझरला बोलाव. त्यांची वाट अडवू नकोस, खोटं बोलू नकोस. आणि पेशंटच्या फाइलमध्ये तिचा व्हिसा-बिसा काय आहे, हे लिहायची गरज नाही. खोकल्याला व्हिसा लागत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तूही ग्रुपवर मेसेज टाकतेस असं दिसलं. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या चौकात पांढरी व्हॅन उभी आहे, असं कुणीसं कळवलं. मी खातरजमा न करता तो मेसेज तीस जणींना पुढे पाठवला. व्हॅन गॅस कंपनीची निघाली. पण दोन दिवस बायका घराबाहेर पडल्या नाहीत, आणि एकीच्या मुलाचा इन्सुलिनचा डोस चुकला. एजंटांनी केलं असतं ते माझ्या अंगठ्यानं केलं. किती माणसं, कुठे, किती वाजता, अंगावर कोणती अक्षरं, काय करत होती, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय काही पाठवू नकोस.

आपल्या मंडळातले लोक म्हणतील, ‘आपण रीतसर आलो, आपल्याला काय त्याचं?’ मला या वाक्याचा कंटाळा आलाय. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, तिघे महाराष्ट्रातले. आणि ग्रीन कार्ड घरी कपाटात ठेवून हिंडणारे आपले काका-काकू मी रोज बघते. अठरा पूर्ण झालेल्यानं ते जवळ बाळगायचं असतं, हा कायदा जुनाच आहे. तुझंही पर्समध्ये आहे ना?

ज्यांना खरंच धोका आहे, त्यांच्याशी बोलताना ‘घाबरू नका’ म्हणू नकोस. त्यापेक्षा विचार: तुम्ही संध्याकाळी घरी आला नाहीत तर मुलाला शाळेतून कोण आणेल? त्या आणणाऱ्याचं नाव शाळेच्या फॉर्मवर आहे का? तुमचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं दिलेला नंबर, घरात कुणाला पाठ आहे? तो नंबर आणि जन्मदेश ठाऊक असला तर डिटेन्शनमध्ये नेलेलं माणूस ऑनलाइन शोधता येतं. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, तेव्हा वकिलाचा नंबरही आधीच हवा, फोनमध्ये नाही, कागदावर. फोन काढून घेतात.

तू लिहिलेली ती तिसाव्या आठवड्यातली बाई, दोनदा न आलेली. तिला दिवसा फोन करू नकोस, अनोळखी नंबर ती उचलणार नाही. तिच्या बहिणीचा नंबर जुन्या फॉर्मवर असेल. रात्री साडेआठनंतर लाव, आधी तुझं नाव सांग, मग क्लिनिकचं. घरी येऊन रक्तदाब बघणारी नर्स मिळते का, तेही विचारून ठेव. काय झालं ते शुक्रवारी कळव.

तुझी,
काकू